डावखुऱ्याचं शेपूट

नेलिदाचं डोकं गेली कित्येक वर्षं माझ्या हातात आहे. दर तिसऱ्या शनिवारी ती समोरच्या इमारतीतून रस्ता ओलांडून माझ्या पार्लरमध्ये येते, खुर्चीत बसते, मी तिच्या मुळांना रंग लावते आणि तेवढ्या वेळात ती माझं डोकं खाते. आमच्या बोएदो भागातल्या बायकांनी माझ्या खुर्चीत बसून नवरे, सासवा, गुडघे, सरकार, सगळ्यांच्या नावाने खडे फोडले आहेत. नेलिदा खडे फोडते ते ‘आर’ या अक्षराच्या पायाच्या नावाने.

हसू नका. मीही आधी हसलेच होते.

नेलिदा बर्तोलोत्ती जन्मभर अक्षरं काढत आली. बिस्किटांच्या डब्यांवरची, शेवयांच्या पुड्यांवरची, ‘माते’ नावाच्या आमच्या चहाच्या पाकिटांवरची. तुम्ही ब्युनोस आयर्समध्ये वाढला असाल तर तुमच्या ओट्यावर तिचं अक्षर होतंच. तिचं नाव मात्र तुम्ही पाहिलेलं नाही, कारण शेवयांच्या पुड्यावर कुणी सही करत नाही. मग तिच्या कंपनीत कॉम्प्युटर आले, काही टेबलं उचलली गेली, त्यात तिचंही गेलं. लग्न तिने केलंच नाही. “वेळ कुठे होता? मी शेवया काढत होते,” असं सांगते. दुसरी एखादी बाई असती तर काम सुटल्यावर बहिणीकडे जाऊन राहिली असती, टीव्ही बघत बसली असती. हिने पुतण्याचा जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि ठरवलं की मरायच्या आधी एक तरी फॉन्ट आपल्या नावाचा करायचा. एकच, पण खाली नाव आपलं.

चांगला विचार होता. माझ्या मागच्या खोलीतली मासिकं तिच्या हाती लागली आणि सगळा घोळ सुरू झाला.

हे पार्लर माझ्या आईचं. आयदे तिचं नाव, दारावर अजून तेच आहे. त्याआधी ते दोन्या एर्नेस्तिना या म्हातारीचं होतं आणि आई तिच्या हाताखाली काम करायची. म्हातारी गेली तेव्हा खुर्च्या, आरसे आणि गिऱ्हाइकं आईकडे आली. त्यांच्यासोबत आला ‘विद्रिएरा’ या फॅशनच्या मासिकाचा गठ्ठा, पन्नासच्या दशकातला. कमरेत आवळलेले झगे, घरट्याएवढ्या टोप्या आणि वर हाताने काढलेले मोठमोठे मथळे. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी तो गठ्ठा टाकायचा मला धीर होत नव्हता. त्या मासिकांना ती फार जपायची. मी सहा-सात वर्षांची असताना त्यातल्या एका बाईला मिशा काढल्या, तर आईने समोर उभी करून अशी थप्पड दिली की माझा उजवा कान संध्याकाळपर्यंत गुणगुणत होता. “मासिकं गिऱ्हाइकांची असतात! त्यावर रेघ ओढायची नाही!” माझी आई अशीच. कडक. कुठलीही गोष्ट फुकट जाऊ द्यायची नाही आणि कुठलीही गोष्ट उगाच करायची नाही.

तर नेलिदा रंग चढायची वाट बघत बसली होती. नवी मासिकं दुसऱ्या बाईकडे होती, म्हणून मी तिच्या हातात त्या गठ्ठ्यातलं एक दिलं. तिने पान उलटलं आणि बोलायची थांबली. नेलिदा बोलायची थांबली हे इतकं विचित्र होतं की मी वळून बघितलं.

“सुले,” ती म्हणाली, “ही अक्षरं कुणी काढलीत?”

“मला काय माहीत? छापखान्यातल्या कुणीतरी.”

“हे शेपूट बघ.”

मी बघितलं. ‘पानगळीतले कोट’ अशा अर्थाचा स्पॅनिश मथळा होता आणि त्यातल्या ‘आर’चा पाय अक्षर संपल्यावरही संपला नव्हता. तो खाली उतरत होता, जरा जाड होत होता आणि शेवटी एकदम डावीकडे वळून, बारीक होत होत वर उठत होता. सगळ्या अक्षरांना नव्हतं ते. इथे एका ‘आर’ला, तिथे एका ‘एल’ला, मध्येच कुठल्यातरी टोपीखालच्या ‘एस’ला. “छान आहे,” मी म्हटलं, कारण रंग धुवायची वेळ झाली होती.

मासिकं दुकानाबाहेर न्यायची नाहीत, असं मी तिला बजावलं. आई गेली होती, तिचे नियम होते. तेव्हा नेलिदा कॅमेरा घेऊन आली आणि माझ्या स्टुलावर उभी राहून एकेका पानाचे फोटो काढत बसली. ते बरंच झालं म्हणायचं, कारण त्याच हिवाळ्यात वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा नळ फुटला, सगळं पाणी माझ्या मागच्या खोलीत आलं आणि मासिकांचा लगदा झाला. उरले ते फक्त तिचे फोटो.

मग सुरू झालं डावखुऱ्याचं प्रकरण.

“उजव्या हाताचा माणूस हे शेपूट असं वळवूच शकत नाही,” नेलिदाने जाहीर केलं. “तो डावखुरा होता.” त्या दिवसापासून डावखुरा आमच्यातच राहायला आला. तो सडपातळ होता म्हणे. सिगारेट ओढायचा. संपादक त्याच्यावर खेकसायचा आणि तो मुकाट्याने मान खाली घालून शेपटं काढायचा. बायका आत आल्या की माझ्याआधी तिलाच विचारायच्या, “काय गं, कसा आहे तुझा डावखुरा?” आणि ती तोंड वाकडं करून म्हणायची, “काही विचारू नकोस. ‘एस’वरून पंधरा दिवस अबोला आहे.” नवऱ्याबद्दल इतक्या मायेने बोलणारी बाई मी माझ्या खुर्चीत दुसरी पाहिलेली नाही.

तिची एक अट होती आणि त्या अटीपायी तिने आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. “मी माझ्या मनाची एक रेघही घालणार नाही. जन्मभर दुसरे सांगतील तशी अक्षरं फुगवली, वाकवली, शेवयांसारखी लांबवली. आता हे खरं काम आहे. जे आहे ते त्याचं. मी फक्त हात द्यायचा.” ती ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने अक्षर काढायची, मग कॉम्प्युटरवर त्याचे ठिपके केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायची. मग शब्द छापून आणायची आणि माझ्या आरशावर चिकटवायची. मी फवारा मारायची तो त्या कागदांवर उडायचा. ती गिऱ्हाइकांना धरून विचारायची, “यातलं कुठलं शेपूट खरं वाटतं?” एका सेन्योराने बिचारीने प्रामाणिकपणे सांगितलं की मला दोन्ही सारखीच दिसतात. नेलिदाने तिला पुढे महिनाभर नमस्कारही केला नाही.

दर नाताळाला फॉन्ट पुरा व्हायचा. दर मार्चला ती माझ्या वाढदिवसाचा केक घेऊन यायची आणि मेणबत्ती विझायच्या आत सांगायची की सगळं मोडून परत बसवलंय. बार्सिलोनात फॉन्ट विकणारी एक कंपनी आहे. त्यांनी तिचे नमुने पाहिले होते, त्यांना हवे होते, ते वरचेवर विचारायचे. ती त्यांना कळवायची, “अजून शेपूट त्याचं वाटत नाही, माझं वाटतं.”

“अगं बाई,” मी ओरडायची, “केस कापताना मीसुद्धा कुठेतरी थांबते! तुझ्यासारखी कापत बसले तर गिऱ्हाईक टकलं होऊन घरी जाईल!”

“तू थांबतेस म्हणून तर सगळ्या बायकांची झुलपं सारखी दिसतात,” ती म्हणायची.

तुम्हीच सांगा, अशा बाईचं काय करायचं?

आणखी एक दुखणं होतं. डावखुऱ्याचं शेपूट एकाएकी थांबलं होतं. एकोणसाठ सालच्या पानगळीच्या अंकापर्यंत ते दिसतं, पुढच्या अंकांत नाही. एकही नाही. मासिक तेच, टोप्या त्याच, पण अक्षरं नुसती उभी. “मेला असणार बिचारा,” नेलिदा म्हणायची. “नाहीतर हाकलला असणार. असल्या माणसांना हाकलतातच.” हे बोलताना ती आरशात स्वतःकडे बघायची. मृतांच्या दिवशी ती आपल्या आईवडिलांसाठी मेणबत्ती लावते, तेव्हा एक त्याच्यासाठीही लावायची. मला यातलं काही सहन व्हायचं नाही आणि काही बोलताही यायचं नाही.

फोटोवर तिचा भरवसा नव्हता. मूळ अंक बघायचा होता, भिंगाखाली. म्हणून रविवार आला की ती रिवादाविया बागेतल्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांवर. तिथला फेर्मिन हा एकच माणूस तिला हाकलत नसे. त्याने तिला सरळ सांगितलं होतं, “सेन्योरा, तुम्ही फॅशनचं मासिक मागताय. त्यात झग्यांचे कागदी नमुने असायचे. बायकांनी कात्री चालवली, झगे शिवले, मासिकं संपली. त्यापेक्षा फुटबॉलचं मागा, हवं तेवढं देतो.”

असंच चाललं असतं. पण यंदा बार्सिलोनाच्या लोकांचा धीर सुटला. ऑगस्ट संपायच्या आत पाठवा, नाहीतर आम्ही दुसऱ्याचा घेतो, असं त्यांनी कळवलं. “दुसऱ्याचा” या शब्दाने नेलिदा पांढरीफटक पडली. मी मनातून खूश झाले. म्हटलं, चला, आता तरी संपेल.

आणि नेमका तेव्हाच फेर्मिनचा फोन आला. आल्माग्रोतला एक दातांचा म्हातारा डॉक्टर वारला होता, त्याचं सामान विकायला काढलं होतं आणि त्याच्या दवाखान्यात ‘विद्रिएरा’चा गठ्ठाच्या गठ्ठा होता, न कापलेला. दात काढायला आलेली बाई कात्री घेऊन येत नाही.

शनिवारी सकाळी नेलिदा बाजाराची चाकांची पिशवी ओढत दारात उभी. पिशवीत मासिकं. चेहरा असा की मी समोरच्या गिऱ्हाइकाला घाईघाईने वाळवून वाटेला लावलं आणि दाराला आतून कडी घातली. आम्ही आरशाखालची फळी पुसली, एका बाजूला तिचे फोटो मांडले, दुसऱ्या बाजूला डॉक्टरचे अंक. तेच मुखपृष्ठ. तोच कोट. तोच मथळा, ‘आर’सकट.

शेपूट नव्हतं.

“दुसरा अंक काढ,” मी म्हटलं. तिने काढला. त्यातही नव्हतं. तिसऱ्यात, चौथ्यात, एकातही नव्हतं. ‘आर’चा पाय गुमान खाली येऊन थांबला होता. अक्षरं वाईट नव्हती. नीटनेटकी होती, भांग पाडून फोटोला बसवलेल्या मुलांसारखी.

“ही प्रांतातली आवृत्ती असेल,” नेलिदा म्हणाली.

“डॉक्टर आल्माग्रोचा होता. इथून चालत जाता येतं.”

“मग नंतरची छपाई असेल. घाईत शेपटं गाळली असतील.”

“फॅशनच्या मासिकाची कोण दुसरी छपाई काढतं?”

ती पुन्हा वाकली. भिंगातून बघत राहिली, जसं काही जास्त जवळून बघितलं की शेपूट उगवेल. माझा जीव कासावीस झाला आणि माझा जीव कासावीस झाला की मला राग येतो. “बस खुर्चीत,” मी म्हटलं. “मुळं दिसायला लागलीत.” दुसरं काय करणार होते? मला एवढंच येतं. मी रंग कालवला, तिच्या खांद्यांवर कापड टाकलं आणि मागून सुरुवात केली. ती समोरच्या फोटोंकडे बघत होती. मी तिला मनात शिव्या घालत होते, डॉक्टरला घालत होते, फेर्मिनला घालत होते. फुटबॉलची मासिकं विकायची सोडून याला कुणी सांगितलं होतं?

कानशिलापाशी आले तशी मी बारीक ब्रश घेतला. तिथे रंग खाली ओढायचा आणि थेंब गालावर ओघळायच्या आत मनगट फिरवून ब्रश उचलायचा. पण मी चिडलेली, ब्रश केसांवरून घसरला आणि तिच्या कातडीवर काळी रेघ उठली. खाली उतरलेली, जरा जाड झालेली, शेवटी डावीकडे वळून बारीक होत वर गेलेली.

“काय केलंस? डाग पडला ना?” नेलिदा म्हणाली.

“हलू नकोस.”

“मी हललेच नाही.”

मी एका हाताने तिचं डोकं धरलं, दुसऱ्या हाताने फळीवरचा फोटो उचलला आणि तिच्या कानशिलाशेजारी धरला. मग मी शेजारच्या खुर्चीत बसले.

हे वळण मला आईने शिकवलं. मी उजवी. माझ्या हाताला ते उलटं पडतं, शिकताना माझं मनगट ठणकायचं. उलटं का वळवायचं, असं विचारलं तर म्हणायची, “असंच करतात.” आता मला माहीत आहे की असं कुणीही करत नाही. असं फक्त डावखुऱ्या बाया करतात. शाळेत नन्सनी छड्या मारून आईला उजव्या हाताने लिहायला लावलं होतं, त्यामुळे कागदावर ती उजवी होती. पण कात्री डाव्या हातात, ब्रश डाव्या हातात. थप्पडही डाव्या हाताची, म्हणून तर उजवा कान.

नेलिदाला मी हे तुटक तुटक सांगितलं. दोन्या एर्नेस्तिना दुपारी वर जाऊन झोपायची. गिऱ्हाईक डोक्याला रंग लावून बसलेलं, रंग चढेपर्यंत हाताखालच्या पोरीला काही काम नाही. वाडग्यात तळाला उरलेला काळा रंग, हातात बारीक ब्रश, मांडीवर मासिक. नेलिदाच्या फोटोंमध्ये शेपटांच्या कडा किंचित पसरलेल्या दिसायच्या. कागद हलका असल्याने शाई फुटली, असं तिने आम्हाला कितीदा समजावलं होतं. शाई कसली, केसांचा रंग होता तो.

नेलिदाने फळीवरचे सगळे फोटो गोळा केले. मग म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं मी एका पार्लरवाल्या पोरीचे गिरगोटे गिरवत बसले.”

“ती पार्लरवाली पोर माझी आई होती.”

“मला तसं म्हणायचं नव्हतं, सुले.”

“तसंच म्हणायचं होतं तुला.”

“मग काय म्हणू?” ती ओरडली. “मी सगळ्यांना सांगितलंय, मनाची एक रेघ नाही! त्या काळचं, त्या मासिकातलं, जसंच्या तसं! आता खाली काय लिहू? शेपटं वगळून? काढून टाकते सगळी. आजच काढते.”

“खबरदार काढलीस तर!”

हे माझ्याच तोंडून आलं. कापून टाक, संपव, पाठव, असं इतकी वर्षं घसा फोडून सांगणारी मी. तिने आरशातून माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिला फसवलं होतं. “तुला त्यातलं काय कळतं?” ती म्हणाली. मी तिचा रंग वेळेआधीच धुतला, थंड पाण्याने. ती ओल्या केसांनी, पिशवी ओढत गेली.

नंतर ती आलीच नाही. तिचा शनिवार आला आणि गेला. खिडकीतून मला ती बेकरीत जाताना दिसायची, भांगात पांढरी पट्टी घेऊन, आणि ती पट्टी रुंद होत चालली होती. बायका विचारायच्या, “काय गं, डावखुरा कसा आहे?” मी म्हणायची, “मला काय विचारता?”

नेलिदावर मी चिडले होते, पण खरी चिडले होते आईवर. जिने उरलेला रंग कधी सांडू दिला नाही, पुढच्या बाईच्या भुवयांना पुरवला, तिने त्याच रंगाने टोप्यांखाली शेपटं काढली होती. उगाच. कशासाठी नाही. आणि मी एका मिशीसाठी कान लाल करून घेतला! मला एकदा तरी सांगायचं होतं ना? मी तिच्याशेजारी उभी राहून तीस वर्षं बायकांची डोकी रंगवली. एवढ्या वर्षांत एकदाही तिने ब्रश कुठे उगाच टेकवलेला मी पाहिला नाही. आणि तिचाच हात नेलिदाने इतकी वर्षं माझ्या आरशावर चिकटवून ठेवला होता. मी रोज त्याच्यावर फवारे मारत होते. परक्या बाईला तो थांबून बघावासा वाटला, पोटच्या पोरीला ओळखूही आला नाही. हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं, अजूनही उतरत नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी सकाळी नेलिदा आली. ना नमस्कार ना काही, सरळ खुर्चीत बसली. मी कापड टाकलं आणि रंग कालवला. तिने पिशवीतून दोन कागद काढून फळीवर ठेवले. एकावर शेपटांची अक्षरं, दुसऱ्यावर बिनशेपटांची.

“हे आज संध्याकाळपर्यंत जायला हवं,” ती म्हणाली. “बिनशेपटांचं खरं आहे. पण असे फॉन्ट बाजारात ढिगाने आहेत. त्यात माझ्या एकाची भर पडली नाही तरी कुणाचं काही अडणार नाही. शेपटांचं सुंदर आहे. पण ते मासिकातलं नाही, कुणा अक्षरं काढणाऱ्याचं नाही. कंटाळलेल्या पोरीचा वेळ जात नव्हता म्हणून झालेलं. त्याखाली मी माझं नाव कसं घालू?”

“मग घालू नकोस,” मी म्हटलं. मला अजून राग होता.

मी मुळांना रंग लावत पुढे सरकत होते. ती पुन्हा बोलली, पण आवाज वेगळा होता. “एक मला कळत नाही, सुले. मी रोज त्यावरच अडते. कंटाळलेली पोर होती, कबूल. मग ती थांबली का? एकोणसाठच्या पानगळीनंतर एकही शेपूट नाही. रंग चढायला तेवढाच वेळ लागत होता. मासिक येतच होतं. माझा डावखुरा मेला होता, ते मला पटत होतं. पण तुझी आई तर होती की.”

मला काय माहीत, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. बारीक ब्रश तिच्या कानशिलावर होता. तो तिथेच राहिला.

“नेलिदा,” मी म्हटलं, “माझा केक कधी आणतेस तू?”

“मार्चमध्ये. पानगळ लागते तेव्हा. त्याचं आता काय?”

“आणि लॉटरीला मी दर आठवड्याला कुठला आकडा लावते?”

“एकोणसाठ. जन्मात लागायचा नाही तो. किती वेळा सांगितलं, जन्मसालावर कुणी—”

ती थांबली. आरशात आमची नजर मिळाली. तिने हळूच हात वर करून माझं मनगट धरलं, तिच्या बोटांना रंग लागला तरी सोडलं नाही.

“मेला नव्हता तो,” मी म्हटलं. “त्याला मुलगी झाली होती.”

नेलिदा उठली. डोक्याला रंग, गळ्यात कापड, तशीच. तिने शेपटांचा कागद उचलला, बिनशेपटांचा तिथेच टाकला आणि दार उघडून रस्त्यावर गेली. “अगं, धुवायचंय!” मी उंबऱ्यातून ओरडले. “टाळू भाजेल!” बसवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि तिला काहीतरी बोलला. तिने वळून बघितलंही नाही.

त्या दुपारी तिने फॉन्ट पाठवला. केस इतके काळे झाले की महिनाभर ती विग घातल्यासारखी दिसत होती आणि मी तिला मुळीच दया दाखवली नाही. फॉन्टचं नाव तिने ‘आयदे’ ठेवलं आहे, खाली बारीक अक्षरात ‘नेलिदा बर्तोलोत्ती’. त्याचा छापील नमुना माझ्या आरशाशेजारी काचेत लावलाय, फवारा लागू नये म्हणून. आता संपलं, असं मला वाटलं होतं. परवाच्या शनिवारी ती म्हणाली की जाड अक्षरांचाही एक संच करायला हवा, कारण शेपूट जाड झालं की कसं वळेल ते तिला कळत नाहीये. मी तिचं डोकं बेसिनमध्ये बुडवलं.

दुपारी दुकान रिकामं असलं की मी त्या नमुन्याकडे बघते आणि चिडते. रंग चढायला जितका वेळ लागतो तितका वेळ मी पाळण्यात नक्की झोपत असेन. मी काही दिवसभर रडत नसेन. एखादं तरी शेपूट काढायचं होतंस, आई.